सुतळीच्या मापाची गिटार

मिस्त्रींच्या घराचं दार मिस्त्रींच्या उंचीचं होतं, आणि मिस्त्री बुटके होते. त्यामुळे त्यांच्याकडे येणारा माणूस पहिलं वाक्य कपाळ चोळतच बोलायचा. सासुरवाडी पुसेगावकडची, माणसं उंच. सासरे आले की अंगणात बाजेवर बसत आणि जावयाशी उघड्या दारातून बोलत. दार मोठं करा, असं मिस्त्रींना अनेकांनी सुचवलं होतं. दार घरवाल्याच्या मापाचं असतं, पाहुण्याच्या नव्हे, हे त्यांचं ठरलेलं उत्तर होतं. त्यांची बायको त्यांच्यापेक्षा वीतभर उंच होती. तिला त्या दाराची इतकी सवय झाली होती की एसटीत चढतानाही ती मान खाली घालायची.

सत्तरच्या दशकात हिंगोली हे परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. मी तिथून एका दैनिकाला बातम्या पाठवत असे आणि मिस्त्रींच्या शेडमागची खोली भाड्याने घेऊन राहत असे. त्या खोलीचं दार आधीच्या भाडेकरूच्या मापाचं होतं. तो सुदैवाने उंच होता.

मिस्त्रींचा मूळ धंदा बैलगाड्या आणि जू करण्याचा. फूटपट्टी किंवा टेप ते वापरत नसत. टेप शिंप्यासाठी असते, कारण कापड नंतर ढिलं करता येतं, असं त्यांचं मत होतं. ते सुतळीने माप घेत. बैलाच्या मानेभोवती, वशिंडापासून खाली, दोन बैलांच्या मध्ये, अशी सुतळी धरायची आणि जिथे माप संपेल तिथे गाठ मारायची. शेडच्या आढ्याला अशा शेकडो सुतळ्या लोंबत. कुठली सुतळी कुठल्या बैलाची, हे फक्त त्यांना माहीत असे, आणि बैल मेला तर ते ती सुतळी काढून चुलीत घालत.

जवळा बाजारात कुणी एक बैल विकून दुसरा घेतला, तर जुनं जू त्याला लावणं मिस्त्रींना मान्य नव्हतं. नवा बैल शेडवर आणावा लागे. एकदा एक शेतकरी बैल घरी ठेवून आला आणि नवा बैल जुन्याएवढाच आहे, असं सांगू लागला. मिस्त्रींनी त्याला विचारलं, तो भावाची चप्पल घालतो का. तो म्हणाला, घालतो की, घरात एकच जोड आहे. मिस्त्रींनी त्याच्या पायांकडे पाहिलं.

"म्हणूनच लंगडून राहिले तुमी," ते म्हणाले.

असा माणूस इलेक्ट्रिक गिटारीकडे वळला, त्याला एक चित्र कारणीभूत झालं. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात एक जुनं इंग्रजी मासिक होतं. त्यात एका गिटारीचा फोटो होता आणि गिटारीच्या माथ्यावर कुणाची तरी सही होती. मिस्त्रींनी ते पान माझ्याकडे आणलं आणि हे करणाऱ्याचं नाव का, असं विचारलं. मी मजकूर वाचून सांगितलं की करणारा वेगळा, नाव वाजवणाऱ्याचं आहे. ही गिटार त्याच्या पसंतीने बनवलेली आहे आणि ती त्याच्या नावाने विकली जाते.

मिस्त्री बराच वेळ ते पान पाहत राहिले. मग म्हणाले की आपण आयुष्यभर हेच करत आलो, फक्त बैलांना सही करता येत नव्हती.

वाजवणारा शोधायला लांब जावं लागलं नाही. हिंगोलीत एक गायन पार्टी होती. जयंतीला, लग्नात, बारशाला बाबासाहेबांची गाणी म्हणणारी. त्या पार्टीत एक वादक होता, त्याला सगळे मास्टर म्हणत. तो जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहायचा आणि संध्याकाळी बुलबुल, बँजो, मिळेल ते तारांचं वाद्य वाजवायचा. डाव्या खांद्यावर गाठी वाहून त्याचा तो खांदा खाली गेला होता. डाव्या हाताची करंगळी लहानपणी रहाटात सापडून वाकडी झाली होती आणि वाकडीच राहिली होती. त्या वाकड्या करंगळीने तो तार अशी ओढायचा की लहान पोर हुंदका देऊन थांबावं, तसा आवाज यायचा. परभणीपासून वाशिमपर्यंत तो आवाज दुसऱ्या कुणाला काढता येत नव्हता. लोक गाण्याआधी तोच मागत. मास्टर तो शेवटपर्यंत राखून ठेवायचा, आणि पार्टीचा मुख्य गायक त्यामुळे त्याच्यावर कायम नाराज असायचा.

मिस्त्रींनी मास्टरला बोलावून घेतलं आणि कपाळ चोळून होताच त्याचं माप घ्यायला सुरुवात केली. मानेच्या मणक्यापासून खांदा, खांद्यापासून कोपर, कोपरापासून मनगट, मनगटापासून वाकड्या करंगळीच्या टोकापर्यंत. प्रत्येक ठिकाणी गाठ. मास्टर हात लांब करून उभा होता. मिस्त्रींची बायको दारात उभी राहून म्हणाली की कफन शिवायचं असल्यासारखं काय माप घेऊन राहिले, मास्टर अजून जिवंत आहेत.

"भाभी, मिस्त्रींचा नेम न्हाई," मास्टर म्हणाला. "जू बी करतील माझ्यासाठी."

पोट सागाचं आणि दांडी बाभळीची झाली. बाभूळ जड पडेल, असं मास्टरने सुचवून पाहिलं. जू बाभळीचं असतं आणि बैलाने आजवर तक्रार केलेली नाही, हे त्याला ऐकून घ्यावं लागलं. तारांखालच्या चुंबकाला रेडिओवाल्याने जळालेल्या मोटारीची तांब्याची तार गुंडाळून दिली. गिटारीचा पट्टा खाली गेलेल्या खांद्याला धरून लावला होता; सरळ खांद्याच्या माणसाने ती गळ्यात घातली तर ती घसरून गुडघ्यावर यायची. दांडीच्या कडेला मिस्त्रींनी एक खाच कोरली. वाकडी करंगळी तिच्यात अशी बसायची, जशी चावी कुलुपात. इतर कुणाचं बोट तिथे गेलं की तार मुकी व्हायची.

सहीचा प्रश्न शेवटी आला. मास्टर दर वेळी वेगळी सही करायचा. मिस्त्रींनी त्याला पाटीवर सह्या करायला लावल्या आणि यातली खरी कोणती, असं विचारलं. मास्टरला सांगता येईना. अखेर ज्या सहीवर जिनिंगमध्ये पगार मिळतो ती खरी, असा निर्णय मिस्त्रींनीच दिला. तापवलेल्या खिळ्याने ती माथ्यावर डागली गेली.

त्या वर्षीच्या जयंतीच्या मिरवणुकीत ती गिटार बैलगाडीवर वाजली. ट्रॅक्टरची बॅटरी, दोन भोंगे आणि मागे मास्टर. हुंदक्याचा आवाज भोंग्यातून निघाला, तेव्हा गाडीचे बैल थांबले आणि मागची सगळी मिरवणूक थांबली. मी बातमीत वाहतूक खोळंबल्याचं लिहिलं. कारण दिलं नाही; ते संपादकांना पटलं नसतं.

त्या मिरवणुकीत नांदेडचा एक वाद्यांचा दुकानदार होता. तो दुसऱ्याच दिवशी मिस्त्रींकडे आला आणि मास्टरच्या सहीच्या आणखी गिटारी मागू लागला. मिस्त्रींनी तीन करून दिल्या. तिन्ही पहिलीसारख्याच: तोच उतरता पट्टा, तीच खाच.

महिनाभरातच दुकानदार परत आला. गिऱ्हाईक येतं, सही पाहतं, गिटार गळ्यात घालतं आणि ती गुडघ्यावर घसरते, असं त्याचं म्हणणं होतं. वाजवायला घ्यावी तर एक तार बोलतच नाही. मिस्त्रींना हा दोष गिऱ्हाइकांचा वाटला आणि त्यांनी तसं सांगितलं. दुकानदार समजावणीच्या सुरात म्हणाला की नाव मास्टरचंच राहू द्या, पण गिटार सरळ बोटांच्या माणसासाठी करा.

"मग तिच्यावर मास्टरचं नाव काहून लिहायचं, शेठ?" मिस्त्रींनी विचारलं. "नाव एकाचं आन् माप दुसऱ्याचं. ही तर खोटी सही झाली."

दुकानदार म्हणाला की सगळ्या जगात असंच चालतं. मिस्त्री म्हणाले की म्हणूनच जगाची मान दुखते. त्यांनी तीनपैकी एक गिटार परत ठेवून घेतली आणि तिच्या मापाचा माणूस आपण स्वतः शोधून देऊ, असं आश्वासन दिलं.

ते त्यांनी खरं केलं. त्या उन्हाळ्यात मिस्त्री खिशात मास्टरची सुतळी घेऊन फिरत. औंढ्याला दर्शनाच्या रांगेत, बाजारात, स्टँडवर, जिथे कुणाचा डावा खांदा खाली दिसेल तिथे ते त्या माणसाला थांबवत आणि हात लांब करायला सांगत. लोक करत. सरकारी माणूस असावा आणि कसली तरी मोजणी चालली असावी, असा लोकांचा समज होता. एका तांड्यावरच्या म्हाताऱ्याने माप झाल्यावर जमीन कधी मिळणार, असंही विचारलं.

माणूस अखेर हिंगोली-औंढा एसटीत सापडला. तो कंडक्टर होता. तिकिटांच्या पिशवीने त्याचा खांदा उतरला होता आणि डावी करंगळी बसच्या दारात सापडून मोडली होती. चालत्या गाडीत मिस्त्रींनी त्याला सुतळी लावली. प्रत्येक गाठ जिथल्या तिथे बसली. मिस्त्रींनी ती सगळ्या प्रवाशांना दाखवली. कंडक्टरने विचारलं की हे कशाचं माप आहे. मिस्त्रींनी सांगितलं की तुम्ही गिटार वाजवणारे आहात.

"मी? मला शिट्टी बी धड वाजवता येत न्हाई, मिस्त्री."

"तुमचं अंग वाजवणाऱ्याचं हाय. तुमाला ठाऊक न्हाई, एवढंच."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गिटार बसमध्ये आणून कंडक्टरच्या गळ्यात घातली. ती घसरली नाही. कंडक्टर भला माणूस होता. त्याने तिच्यासाठी स्वतःच सामानाचं तिकीट फाडलं आणि ती घरी नेऊन खुंटीला टांगली. पण गोष्ट सगळ्या मार्गावर पसरली. मास्टरच्या मापाचा दुसरा माणूस आहे आणि तो औंढा गाडीवर कंडक्टर आहे, हे जवळा बाजारापर्यंत सगळ्यांना माहीत झालं. मिस्त्रींना त्यात काही चुकीचं वाटत नव्हतं. उलट आता कुणीही येऊन सुतळी लावून पाहावी, असं ते सांगत. माझी गिटार कुणाची, हे मी नाही, सुतळी सांगते, हे वाक्य त्या काळात त्यांच्या तोंडी सारखं असे.

पुढच्या हिवाळ्यात मास्टरने करंगळी सरळ करून घेतली.

ती त्याला थंडीत फार दुखायची. दवाखान्यात शस्त्रक्रियेचं शिबिर भरलं होतं, तिथे डॉक्टरांनी पाहिलं आणि हे होण्यासारखं आहे म्हणाले. मास्टर पट्टी बांधून परत आला तेव्हा खुशीत होता. त्याच सुमारास जिनिंगमध्ये त्याला गाठी वाहण्याऐवजी वजनकाट्यावर बसवलं होतं, त्यामुळे खांदाही हळूहळू वर येत होता. पट्टी सुटल्यावर त्याने गिटार घेतली. करंगळी खाचेत बसेना. हुंदका निघेना. तार मुकी.

तो मिस्त्रींकडे आला. जवळा बाजारला जयंतीचा मुकाबला ठरला होता. समोर नांदेडची पार्टी होती आणि त्यांच्याकडे मुंबईची गिटार होती. मास्टरच्या पार्टीच्या गायकाने स्पष्ट सांगितलं होतं की हुंदका नसेल तर मास्टरही नको, दुसरा वादक पाहून ठेवला आहे. मास्टरला एवढंच हवं होतं की मिस्त्रींनी लाकडाची पाचर घालून खाच बुजवावी आणि पट्टा सरळ करावा. काम थोडक्याचं होतं.

मिस्त्रींनी गिटार हातात घेतली, उजेडात धरली, खाचेवरून अंगठा फिरवला आणि परत दिली.

"बाजा बराबर हाय," ते म्हणाले. "माणूस बिघडला."

मास्टरने आधी हसून घेतलं. मग त्याच्या लक्षात आलं की मिस्त्री हसत नाहीत. दुखत होतं मिस्त्री, तो म्हणाला. मिस्त्री म्हणाले की दुखत असेल, ते नाकारत नाहीत, पण दुखणाऱ्या बोटाच्या माणसाने सही केली होती आणि आता तो माणूस कुठे आहे. बायको आतून ओरडली की लेकराचं बोट बरं झालं तर पेढे वाटतात, हा माणूस सुतक पाळून राहिला. मिस्त्री उठले आणि आढ्याच्या सुतळ्यांखाली जाऊन उभे राहिले. मास्टर गिटार घेऊन निघून गेला. त्याचं डोकं दाराला लागलं, तेही तो चोळत थांबला नाही.

खाच बुजवायला तो दुसऱ्या सुताराकडे गेला नाही. का, हे मी त्याला पुढे विचारलं. तो म्हणाला, मिस्त्रींच्या कामावर दुसऱ्याची पटाशी चालवणं बरं दिसत नाही. त्याने वेगळाच रस्ता काढला. जिनिंगमधून लोखंडाची एक गुळगुळीत नळी आणली, गिटार मांडीवर आडवी ठेवली आणि बोटांऐवजी ती नळी तारांवरून फिरवू लागला. काही आठवड्यांत हुंदका परत आला. पूर्वीपेक्षा लांब आला. खाचेचं आता कामच उरलं नव्हतं.

मुकाबला दुपारी ठेवला होता, कारण संध्याकाळी वीज जायची. जवळा बाजारच्या बाजारपटांगणात मंडप होता. पंच म्हणून गावातले एक निवृत्त गुरुजी बसले होते. मी बातमीसाठी गेलो होतो. मिस्त्रीही आले होते. मास्टरशी त्यांचं बोलणं बंद होतं. ते मंडपाच्या बांबूंना टेकून, बांबूंकडेच पाहत उभे होते.

मास्टरने गिटार मांडीवर घेतली आणि पहिला हुंदका काढला. मंडपातला एक म्हातारा रडू लागला. तेव्हा नांदेडच्या पार्टीचा गायक उठला. त्याने हरकत घेतली. आमच्या भागातल्या मुकाबल्यात एक नियम होता: पार्टीने आपलंच वाद्य वाजवायचं, मागून आणलेलं चालणार नाही. पूर्वी एकच चांगला ढोलक सगळ्या पार्ट्या फिरवत, त्यावरून भांडणं होत, म्हणून तो नियम आला होता. गायकाचा मुद्दा असा होता की ही गिटार या माणसाची नाही. स्वतःची असती तर मांडीवर निजवून कशाला वाजवली असती? या मापाचा माणूस औंढा गाडीवर कंडक्टर आहे, हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे. म्हणजे गिटार कंडक्टरची आणि ती मागून आणलेली.

गुरुजी म्हणाले की सही मास्टरची आहे. गायक म्हणाला, सहीला कोण विचारतं. करणाराच सांगत फिरतो ना, की सुतळी सांगेल ते खरं. मग सुतळी लावा.

मंडपातून होकार आला. लोकांना ते पाहायचंच होतं. गुरुजींनी मिस्त्रींना पुढे बोलावलं आणि विचारलं की सुतळी जवळ आहे का. मिस्त्रींनी खिशातून काढली.

मास्टर उभा राहिला आणि हात लांब केला. माप घेताना मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. मानेच्या मणक्यावर पहिली गाठ बसली. खांद्यावरची बोटभर चुकली. खांदा वर आला होता. मिस्त्रींनी सुतळी सैल सोडली आणि पुढे गेले. कोपर. मनगट. मग करंगळी. सरळ झालेली करंगळी शेवटच्या गाठीच्या चांगलीच पुढे आली होती. मास्टर मिस्त्रींकडे पाहत नव्हता. तो आपल्या बोटाकडे पाहत होता.

मिस्त्रींनी बोटाचं टोक आणि गाठ दोन्ही एकदम अंगठ्याखाली दाबली.

"बराबर," ते म्हणाले.

गुरुजींनी गिटार मास्टरची असल्याचा निर्णय दिला. मुकाबला पुढे चालला. वीज जायच्या आधी हिंगोलीची पार्टी जिंकली आणि मास्टरचं पार्टीतलं स्थान राहिलं. मिस्त्री निकालाला थांबले नाहीत. ते आम्हाला परतीच्या बसमध्ये भेटले. मास्टर त्यांच्या शेजारी जाऊन बसला. औंढा मागे पडलं. मग मास्टर हळूच म्हणाला की मिस्त्री, गाठ अंगठ्याखाली होती.

"मला माहीत हाय," मिस्त्री म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

त्यानंतर मिस्त्री बदलले, असं म्हणता येईल. नांदेडच्या दुकानदाराला हव्या होत्या तशा, कुणाच्याही गळ्यात बसणाऱ्या आणि कुणाच्याही बोटांनी वाजणाऱ्या गिटारी त्यांनी करून दिल्या. प्रत्येकीवर मास्टरची सही होती. त्या बऱ्याच खपल्या. मास्टर पूर्वीसारखा शेडवर येऊन बसू लागला आणि मिस्त्रीही त्याच्याशी पूर्वीसारखे बोलू लागले.

पण जू करणं त्यांनी थांबवलं. पेरणीच्या तोंडावर एक शेतकरी नवी बैलजोडी घेऊन आला. बैल शेडसमोर उभे होते, चांगले, एका उंचीचे. मिस्त्रींनी त्यांच्या मानेवरून हात फिरवला आणि शेतकऱ्याला सेनगावच्या सुताराकडे जायला सांगितलं. शेतकरी चिडला. इतक्या लांब काहून जायचं, तुम्ही काय मेलात का, म्हणाला. मिस्त्रींनी सांगितलं की माप खोटं सांगणाऱ्याच्या हातचं जू बैलाच्या मानेला लागतं.

शेतकऱ्याने शेडमध्ये ओळीने टांगलेल्या गिटारींकडे बोट दाखवलं. मग हे कसं चालतं, त्याने विचारलं.

"ते माणसासाठी हाय," मिस्त्री म्हणाले. "माणसाला चालतं."